कुठलं जास्त, आणि किती पट?

सरांची ओळख झाली की माणसाला लगेच दोन धक्के बसायचे. पहिला धक्का 'पावणं' या हाकेचा. आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण सर प्राचार्यांना, शिपायाला, वर्गातल्या पोरांना आणि खुद्द स्वतःच्या बायकोलाही पावणंच म्हणायचे. मी त्यांच्या विभागात तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार अशा बोलीवर, शिकवायला लागले होते. मला वाटलं, मी कायम नाही म्हणून हे टोमणा मारतात. एकदा चिडून विचारलंच. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "मग? परमनंट कोण हाय हितं? मी बी रिटायर होणारच की."

दुसरा धक्का त्यांच्या प्रश्नाचा. बँकेच्या रांगेत तुम्ही स्लिप हातात धरून उभे आहात, आणि मागून खांद्यावर टकटक होते. वळून बघता तर इनशर्ट केलेला, पायात मात्र जाड कोल्हापुरी घातलेला एक उंच माणूस अगदी जिव्हाळ्यानं विचारतो, "पावणं, पासबुक पटकन भरून मिळणं, आणि काउंटरवरच्यानं नीट बोलणं. ह्यातलं तुमास्नी कुठलं जास्त? आणि किती पट?" बरोबरीचं असेल तर एक म्हणायचं, फारच जास्त असेल तर नऊ. मधलं ज्याचं त्यानं ठरवायचं. एका बँकेच्या वॉचमननं त्यांना दोनदा बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा त्यानंच बसायला खुर्ची दिली आणि उत्तरं पण दिली.

यामागं सरांचं आयुष्यभराचं काम होतं. जिल्ह्यातल्या सहकारी बँकांत कोण किती कार्यक्षम, याचा ते क्रम लावत. आता बँक चांगली की वाईट हे एका आकड्यावरून ठरत नाही. एकीच्या ठेवी भरपूर, पण दिलेली कर्जं परत येत नाहीत. दुसरीची वसुली चोख, पण खर्च अफाट. तिसरीचं सगळं ठीक, पण सही मिळवायला माणसानं अर्धा दिवस घालवायचा. हे सगळे निकष एकत्र तोलायचे तर आधी प्रत्येकाचं वजन ठरवावं लागतं. त्यासाठी पद्धती आहेत, जगभर वापरतात. बाकीचे प्राध्यापक चार तज्ज्ञांना ईमेल पाठवून वजनं मागवतात आणि मोकळे होतात. सरांचं म्हणणं, बँक ज्यांची त्यांना विचारा. म्हणून सुट्टीच्या दिवशी एसटीनं बिद्रीपर्यंत जायचे आणि पारावर बसून माणसामाणसाला किती पट, किती पट विचारत सुटायचे.

त्यातही त्यांची एक अट असे. उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत. पहिल्यापरास दुसरं जास्त, दुसऱ्यापरास तिसरं जास्त, आणि तिसऱ्यापरास पुन्हा पहिलंच जास्त, असं कुणी सांगितलं की ते उत्तर बाद. पुस्तकात लिहिलंय, अशी उत्तरं टाकून द्या. सरांना टाकवत नसे. ते काही दिवसांनी पुन्हा त्या माणसाच्या दारात. मंगळवार पेठेत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, त्यांचं कधीच जुळेना. शेवटी मास्तरच वैतागून म्हणाले, "तुम्ही येता त्या दिवशी नेमकं आमच्या घरात वाजल्यालं असतंय. डोकं जाग्यावर नसतंय."

"मग वाजत न्हाय असा वार सांगा की."

"तसा वार न्हाय."

शेवटी मास्तरांना वगळावं लागलं. सर दोन दिवस मास्तरांचाच कागद काढून बघत होते. मी म्हटलं, एका माणसानं काय बिघडतंय. म्हणाले, "माणूस खोटं बोलत नव्हता, पावणं. त्याचं एक मत सकाळचं हुतं, एक संध्याकाळचं."

त्यांच्यासमोर कशालाही चांगलं म्हणायची सोय नव्हती. "चहा झकास झालाय, सर," म्हटलं की लगेच, "कशापरास?", म्हणजे कशापेक्षा. पेपर सोपा होता म्हणणाऱ्या पोराला, "कशापरास?" प्राचार्यांनी भाषणात आपलं महाविद्यालय उत्कृष्ट असल्याचं सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतून बारीक आवाजात "कशापरास?" ऐकू आलं होतं, आणि प्राचार्य पुढचं वाक्य विसरले होते. स्टाफरूममध्ये त्यांची टर उडवायची पद्धतच पडली होती. मीही उडवली आहे. पण माझी लेक डेंग्यूनं दवाखान्यात होती आणि मी फोनवर रडत, लई काळजी वाटते सर, एवढंच म्हणू शकले, तेव्हा त्यांनी कशापरास विचारलं नाही. माझे सगळे तास त्यांनी घेतले, आणि ते माझ्याच नावावर लावायचे म्हणून ऑफिसात जाऊन भांडले. हे मला त्यांनी नाही, क्लार्कनं सांगितलं.

त्यांच्या फ्रिजची गोष्ट तर विभागात प्रत्येक नव्या माणसाला सांगितली जायची. मी ती काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या तोंडून ऐकली आहे, कळंब्याच्या त्यांच्या घरी. एका उन्हाळ्यात फ्रिज घ्यायचं ठरलं. सरांनी सहा फ्रिज निवडले, निकष मांडले आणि वजनं काकूंना विचारली. काकू म्हणाल्या, "गार झालं पायजे. नऊ पट. बाकीचं काय बी असू दे." सरांनी रीतसर क्रम लावला आणि पहिला आलेला फ्रिज घ्यायला दोघं दुकानात गेली. तिथं कळलं की यादीत सगळ्यांत शेवटी असलेला फ्रिज कंपनीनं बंद केला आहे. दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ दे, आपल्याला कुठं तो घ्यायचाय. सर तिथंच स्टुलावर बसले, शेवटच्यावर काट मारून पुन्हा हिशेब केला, तर पहिला फ्रिज दुसरा झाला आणि दुसरा पहिला. "यादी हलली," म्हणाले आणि काकूंना घेऊन घरी परत आले. पुढं नवीन मॉडेलं येत राहिली, यादी हलत राहिली आणि घरात माठच राहिला.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. मध्यंतरी काकूंनी फ्रिज घेतला. दुकानात गेल्या, दारातच जो दिसला तो उचलला. परवा गेले होते तर मला पाणी माठातलंच दिलं. मी फ्रिजकडं बघितलं. म्हणाल्या, "त्यात दूध ठेवतो की. पाणी ह्येच बरं लागतंय." कशापरास, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळून टाकलं.

ती यादी हलायची भानगड काय असते हे मला मात्र फ्रिजवरून कळलं नाही. ते कळलं तेव्हा माझी नोकरी पणाला लागली होती.

झालं असं की जिल्ह्यातल्या सहकारी बँकांच्या संघटनेनं ठरवलं, या वर्षी वर्धापनदिनाला सरांनी लावलेला क्रम जाहीर करायचा आणि पहिल्या बँकेचा सत्कार करायचा. आठ बँका होत्या. सरांनी वजनं गोळा केली होती, संगणकावरचं सगळं काम माझ्याकडं होतं. सरांची रीत अशी, की आधी एक स्वर्गातली बँक कल्पायची, जिच्यात प्रत्येक निकषातलं उत्तम तेवढं आहे. मग एक नरकातली बँक, जिच्यात सगळं वाईटातलं वाईट. आणि खरी प्रत्येक बँक स्वर्गाच्या किती जवळ आणि नरकापासून किती लांब, ते मोजायचं. "दोन्हीत खातं कुणाचंच नसतंय," असं ते वर्गात सांगायचे.

पहिली आली ती नेमकी आमच्या शिक्षणसंस्थेच्या चेअरमनांची बँक. संस्थेचे चेअरमन तेच, बँकेचे चेअरमनही तेच. निकाल संघटनेतून फुटला आणि दुसऱ्या दिवशीच चौकात त्यांचा फेटेवाला मोठा डिजिटल बोर्ड लागला, 'जिल्ह्यात प्रथम क्रमांक' असा. शेवटची आली ती मंगळवार पेठेतली एक लहानशी बँक, एकच शाखा असलेली. सरांचं स्वतःचं खातं तिथंच होतं. निकाल सांगायला ते स्वतः गेले, मलाही नेलं. मॅनेजर बिचारे भले गृहस्थ. चहा मागवला आणि म्हणाले, "सर, आम्ही कुठं शर्यतीत पळालतो? तुम्हीच पळवलंसा."

समारंभ तोंडावर आला आणि बातमी आली की ही शेवटची बँक एका मोठ्या बँकेत विलीन होणार. संघटनेच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. "मॅडम, तेवढी खालची ओळ काढून टाका. बँकच ऱ्हायली न्हाय तर उगंच शेवटचा नंबर कशाला वाचायचा? बरं दिसत न्हाय." मलाही ते पटलं. मी ओळ काढली. शीटनं आपोआप पुन्हा हिशेब केला, आणि चेअरमन साहेबांची बँक दुसरी झाली.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. ओळ परत घातली, बँक पहिली. काढली, दुसरी. सरांना बोलावलं. त्यांनी नुसतं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हलली."

कारण साधं होतं. शेवटची बँक वसुलीत इतकी मागं होती की तिच्यापुढं वरच्या दोघींमधला फरक दिसतच नव्हता. रांगेत एखादा अगदीच बुटका असला की बाकीचे सगळे सारखेच उंच वाटतात, तसं. ती गेली, आणि चेअरमनांच्या बँकेची वसुली दुसरीपेक्षा किती कच्ची आहे ते डोळ्यांत भरलं.

पुढच्याच आठवड्यात आमच्या विभागातल्या एका कायम जागेच्या मुलाखती होत्या. मी कित्येक वर्षं त्या जागेची वाट बघत होते. मुलाखत घेणार खुद्द चेअरमन. सर म्हणाले, समारंभात हे सांगायला लागणार. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कशाला सांगायचं? शेवटचीचं नाव वाचू नका आणि वरचे नंबर आहेत तसे वाचा. कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळलंय की."

"तुम्ही चार महिन्यांत घरी जाल, सर. मला परत तासावर शिकवायला लावताय. तुमचं काय जातंय?"

मी आणखीही पुष्कळ बोलले. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग खिशातलं पेन काढलं आणि रांगेतल्या अनोळखी माणसाला विचारावं तसं मला विचारलं, "पावणं, खरं सांगणं, आणि नोकरी. तुमास्नी कुठलं जास्त? आणि किती पट?"

"नोकरी," मी म्हटलं. "नऊ पट. दहा असतं तर दहा म्हणाले असते."

मला वाटलं आता उपदेश होणार. सरांनी मान हलवली आणि नऊ लिहिलं. त्याखाली स्वतःचं उत्तर लिहिलं. ते नेमकं उलटं होतं, खरं सांगणं नऊ पट. दोघांची मतं एकत्र करायची ठरलेली रीत असते, त्या रीतीनं नवानं गुणलं आणि नवानंच भागलं की उरतं एक. एक म्हणजे दोन्ही बरोबरीचं. सरांनी त्या एकाभोवती गोल केला. "आता आली का पंचाईत," म्हणाले. "दोन्ही बी सांभाळाय लागतंय."

मी पाय आपटत घरी गेले. दोन रात्री नीट झोप नव्हती.

समारंभाला हॉल भरला होता. सर माइकसमोर गेले आणि क्रम खालून वाचायला सुरुवात केली. आठवा नंबर, मंगळवार पेठेतली बँक. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "ही बँक आता ऱ्हाणार न्हाय. पण मोजली तवा हुती, म्हणून यादीत हाय." मग एकेक करत पहिल्यापर्यंत पोचले, चेअरमनांच्या बँकेचं नाव घेतलं, हलगी वाजली. हलगी थांबायची वाट बघितली आणि सर म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं. ह्यो पहिला नंबर आठव्यामुळं हाय. आठवी बँक धरली न्हाय, तर दुसरी बँक पहिली येती. दोन्ही हिशेब खरं हायत. आठवीचं मॅनेजर मागं बसल्यात. मी बोलावलंय त्यास्नी."

चेअरमन साहेबांनी सरांकडं बघितलं, मग मागं बसलेल्या मॅनेजरांकडं बघितलं. चाळीस वर्षं राजकारण केलेला माणूस. उठले, माइक घेतला आणि म्हणाले, "म्हंजे आमचा नंबर ह्या पावण्यांच्या जिवावर हाय म्हणा की. मग फेटा आधी त्यास्नी बांधा." टाळ्या पडल्या. मॅनेजर लाजत लाजत स्टेजवर आले आणि त्यांना फेटा बांधला गेला. पण चेअरमन सरांशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि संध्याकाळी चौकातून जाताना बघितलं तर बोर्ड उतरवलेला होता. मी समजले, संपलं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर आम्ही पाचजण होतो. आत चेअरमन, प्राचार्य, विद्यापीठाचे एक गृहस्थ आणि विभागप्रमुख म्हणून सर. पहिला उमेदवार बाहेर आला तो हसतच. म्हणाला, "बाकी सगळं सरळ आहे. शेवटी ते उंच सर एक येड्यासारखा प्रश्न विचारतात. खरं सांगणं आणि नोकरी, कुठलं जास्त, किती पट. मी म्हटलं, खरं सांगणं, नऊ पट." दुसराही तेच सांगून आला. तिसरी आणि चौथी पण. माझा नंबर शेवटचा होता.

त्या बाकावर बसून मी सरांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. खरं सांगणं म्हणावं, तर सरांना पक्कं माहीत की मी खोटं बोलते. नोकरी म्हणावं, तर चेअरमनांपुढं माझी लाज जाणार. आत गेले. विषयातलं सगळं नीट सांगितलं. मग सरांनी पेन उघडलं आणि मला ओळखतच नसल्यासारखं विचारलं, "पावणं, खरं सांगणं, आणि नोकरी. तुमास्नी कुठलं जास्त? आणि किती पट?"

"नोकरी," मी म्हटलं. "नऊ पट."

विद्यापीठाच्या गृहस्थांनी मान वर केली. चेअरमन खुर्चीत पुढं सरकले. "आधीची सगळी खरं सांगणं म्हणाली. तुम्ही एकट्याच नोकरी म्हणताय?"

"सरांनी मला हे मागंही विचारलं होतं, साहेब. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं."

"व्हय, सर?"

"व्हय," सर म्हणाले. "तवा बी नऊच. लई भांडली माझ्यासंगं. स्टेजवर बोलू नका म्हणाली."

"मग ऐकलं का न्हाय तुम्ही?"

"निम्मं ऐकलं की," सर म्हणाले. "म्हणून तर तुमचा पहिला नंबर ऱ्हायला. माझंच खरं केलं असतं तर आठवी ओळ काढून दुसऱ्याच बँकेचं नाव पहिलं वाचलं असतं."

आधी चेअरमनांचं पोट हललं आणि मागून हसू आलं. समोरच्या कागदावर काहीतरी लिहून त्यांनी तो प्राचार्यांकडं सरकवला आणि मला म्हणाले, "या तुम्ही." उठताना मी सरांकडं बघितलं. ते आपल्या कागदावर एक बारीक खूण करत होते. मान वर न करता म्हणाले, "जुळलं."

ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी पेढे घेऊन पळतच त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, आता तरी पावणं म्हणू नका. परमनंट झाले."

"परमनंट कोण हाय हितं?" म्हणत त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. मग म्हणाले, "लई आनंद झाला बघा मला."

इतकी वर्षं मी या संधीची वाट बघत होते. म्हटलं, "कशापरास, सर?"

ते विचार करायला लागले. खरंच विचार करत होते, फ्रिजच्या दुकानातल्या स्टुलावर केला असेल तसाच. नंतर मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदा बघितले.

"कशापरास न्हाय, पावणं," ते म्हणाले. "नुसताच झालाय."